उत्पन्नाची विषमता मोजायची कशी? घरयादीपासून गिनी गुणांकापर्यंत

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर आमच्या कॉलेजचं सर्वेक्षण चालू होतं. एका ऊसतोड जोडप्याच्या फॉर्मवर माझ्या विद्यार्थिनीने वर्षाचं उत्पन्न लिहिलं होतं १,८०,००० रुपये. मी तपशील विचारला. मुकादमाकडून मिळालेली उचल १,००,००० आणि हंगामभर तोडलेल्या उसाची मजुरी ८०,०००. "मग ही मजुरी त्यांच्या हातात पडली का?" तिने वही उघडून पाहिलं. "नाही सर, ती उचलीत कापून घेतली. वीस हजार अजून अंगावर आहेत, पुढच्या हंगामात फेडायचे आहेत."

म्हणजे त्या घराची वर्षाची कमाई ८०,०००च. उचल हे कर्ज होतं. ते आधी मिळालं, खर्च झालं आणि मजुरीतून फिटलं, तेही पूर्ण फिटलं नाही. फॉर्मवरच्या त्या एका बेरजेने हे कुटुंब तळाच्या घरांतून उठून मधल्या घरांत जाऊन बसलं होतं. ऊसतोडीच्या गावात अशी दहा-पंधरा घरं चुकली की शेवटी निघणारा विषमतेचा आकडा त्या गावाचा राहतच नाही.

विषमता मोजण्याचं गणित नववी-दहावीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. अवघड आहे ते त्याच्या आधीचं: कोणाला मोजायचं, उत्पन्न कशाला म्हणायचं, किती दिवसांचं धरायचं. म्हणून या लेखात निम्मी जागा मी त्यालाच दिली आहे. उदाहरण गावाचं घेतलं आहे, पण हीच पद्धत गृहनिर्माण सोसायटीला, प्रभागाला किंवा तालुक्यालाही लागू पडते.

पायरी १: घरयादी स्वतः करा

गावात गेल्यावर पहिला मोह होतो तो तयार यादी वापरण्याचा. ग्रामपंचायतीकडे नमुना ८ची नोंदवही असते, त्यात घरपट्टी लागणारी घरं असतात. गायरानावर झोपडी टाकून राहणारे, पाल ठोकून थांबलेले, भावाच्या पडवीत वेगळी चूल मांडलेले त्यात सापडत नाहीत. मतदार यादीत मुंबईला जाऊन दहा वर्षं झालेला मुलगा सापडतो आणि गेल्या वर्षी आलेलं सालगड्याचं कुटुंब सापडत नाही. या याद्या सोबत ठेवा, पण गल्लीगल्लीतून फिरून आपली यादी करा. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, हा नियम ठरवून घ्या आणि सगळ्या मुलांना तोच सांगा. एका घरात दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं.

सर्वेक्षणाचे दिवस कोणते, यावरही खूप अवलंबून आहे. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या मागेपुढे गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात गेलात तर गावातली सर्वांत गरीब घरं कुलूपबंद असतील. तुम्ही "घर बंद" असा शेरा माराल, आणि गाव आहे त्यापेक्षा बरं दिसेल.

शंभर-दीडशे घरांचं गाव असेल तर सगळीच घरं घ्या. मोठं गाव असेल तर नमुना काढावा लागतो. इथे एक काळजी घ्या. श्रीमंत घरं मोजकी असतात, त्यामुळे साध्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यातून ती सहज निसटतात. म्हणून यादीचे आधीच दोन-तीन गट करा: मोठे बागायतदार, नोकरदार आणि व्यापारी; मध्यम व लहान शेतकरी; भूमिहीन आणि मजूर. पहिल्या गटातली सगळी घरं घ्या, बाकीच्यांतली दर दहावी नव्हे तर चिठ्ठीने निवडलेली दहातली एक घ्या. मग हिशेब करताना पहिल्या गटातल्या घराला भार १ आणि बाकीच्या प्रत्येक घराला भार १० द्यायचा, कारण ते एक घर आणखी नऊ घरांच्या वतीने बोलतंय. हा भार द्यायला विसरलात तर गावात श्रीमंतच जास्त आहेत असं चित्र निघेल.

पायरी २: उत्पन्न म्हणजे काय, ते ठरवा

भारतात हे काम किती जड आहे ते सरकारी अनुभवावरूनही कळतं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. तेव्हापासून घरखर्चाची सर्वेक्षणं मोठ्या प्रमाणावर झाली. उत्पन्नाचे प्रयत्न मात्र पुढे गेले नाहीत, कारण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरत होतं. उत्पन्नाच्या देशव्यापी सर्वेक्षणाची घोषणा व्हायला २०२५ साल उजाडलं.

गावपातळीवर मात्र हे पूर्वीपासून झालेलं आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीवर भागणारी कुटुंबं, जमीन आणि मजुरी मिळून भागणारी, आणि दोन्ही करूनही न भागणारी, असे गट त्यांनी पाडले होते. आज त्या गावात उंच इमारती आहेत आणि आयटीतली माणसं राहतात. पण घराघरात बसून वर्षाचा जमाखर्च मांडण्याची ती रीत अजून जुनी झालेली नाही.

"तुमचं उत्पन्न किती?" असा प्रश्न विचारू नका. पगारदार सोडले तर त्याचं उत्तर कोणाकडेच तयार नसतं. एकेक मार्ग वेगळा विचारा.

शेतीचं विचारताना पिकावार जा. सोयाबीन किती क्विंटल झालं, किती विकलं, काय भाव मिळाला. मग खर्च: बियाणं, खत, औषध, ट्रॅक्टरचं भाडं, बाहेरच्या माणसांची मजुरी, बाजारात नेण्याचं भाडं, हमाली, तोलाई. विक्रीतून हा रोख खर्च वजा करा. घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी वजा करू नका, ते त्यांचंच उत्पन्न आहे. घरी खाण्यासाठी ठेवलेली ज्वारी, तूर, दूध विसरू नका. ते गावातल्या विक्रीच्या भावाने उत्पन्नात धरायचं. लहान शेतकऱ्याच्या घरात हा भाग मोठा असतो आणि तो सोडला तर ते घर विनाकारण जास्त गरीब दिसतं. अर्धेलीने केलेल्या जमिनीत दोघांच्या वाट्याची नोंद दोन्ही घरांत बरोबर पडली आहे ना, तेही पाहा.

दुधाचं सोपं आहे. डेअरीचं बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी होतं आणि कार्डावर लिटर, फॅट सगळं असतं. ते कार्डच मागा. पेंड आणि चाऱ्याचा खर्च वजा करा. शेळ्या-कोंबड्यांचं मात्र घरातल्या बाईलाच विचारा. पुरुष "किरकोळ आहे" म्हणून सोडून देतात. एका आजींनी आम्हाला दाराच्या चौकटीवर कोळशाने मारलेल्या रेघा दाखवल्या होत्या. एक रेघ म्हणजे विकलेलं एक करडू. वर्षात सात रेघा होत्या, आणि त्यांच्या मुलाने फॉर्मवर त्या रकान्यात शून्य सांगितलं होतं.

मजुरीत रोजंदारी आणि उक्तं वेगळं लिहा. महिन्यागणिक किती दिवस काम मिळालं ते विचारा. सणांची मदत घ्या: पोळ्यापर्यंत किती दिवस, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत किती, संक्रांतीनंतर किती. वर्षभराचा एकच आकडा विचारला की माणूस चांगल्या महिन्यावरून अंदाज सांगतो.

सरकारकडून येणारी रक्कम नोंदवा: पीएम-किसानचे वर्षाला ६,०००, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००, जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे पात्र महिलेला महिन्याला १,५००, निराधारांचं अनुदान, पेन्शन. प्रत्येक हप्ता खरंच आला का ते पासबुकावर बघा. रेशनचं मोफत धान्य धरायचं की नाही ते आधीच ठरवा. धरलंत तर कोणत्या भावाने, तेही लिहून ठेवा. पुण्या-मुंबईहून मुलगा पाठवतो ते पैसेही उत्पन्नच.

आता काय धरायचं नाही ते. पीककर्ज, बचत गटाचं कर्ज, उचल हे उत्पन्न नाही. विकलेली जमीन, मोडलेलं सोनं हेही नाही, ती मालमत्ता रोकड झाली एवढंच. मुलीच्या लग्नाचा आहेर मी धरत नाही, कारण तो फेडायचा असतो.

काळ एक वर्षाचा घ्या, जुलै ते जून. शेतीचं वर्ष तेच. पण ते वर्ष दुष्काळाचं किंवा गारपिटीचं असेल तर कोरडवाहू घरांचा आकडा उणेही जाऊ शकतो. उणे आकडा खोटा समजून पुसू नका. त्यापुढे खूण करा आणि शेवटी अशी घरं धरून एकदा, न धरता एकदा, असे दोन्ही निकाल द्या.

पायरी ३: घराचं उत्पन्न माणसावर आणा

आठ माणसांच्या घराचं उत्पन्न २,४०,००० आणि दोन माणसांच्या घराचं १,००,०००. श्रीमंत कोण? माणशी भागलं तर पहिलं घर ३०,००० आणि दुसरं ५०,०००. दुसरं पुढे. पण एकत्र राहण्यात बचत असते: चूल एक, टीव्ही एक, दिवा एक. म्हणून युरोप-अमेरिकेच्या तुलनांमध्ये अनेकदा घरातल्या माणसांच्या वर्गमुळाने भागतात. तसं केलं तर पहिलं घर सुमारे ८४,८५० आणि दुसरं सुमारे ७०,७१०. क्रम उलटला.

आपल्याकडे घरखर्चाचा सर्वांत मोठा भाग अन्नावर जातो, आणि भाकरी काही वर्गमुळाने खात नाहीत. त्यामुळे गावात मी माणशी भागाकारच करतो. तुम्ही काहीही निवडा, पण दोन गावांची तुलना करताना दोन्हीकडे तेच वापरा. आणि एक लक्षात ठेवा: आठ माणसांच्या घराचा माणशी आकडा यादीत आठ वेळा मोजला जायला हवा. आपण माणसांमधली विषमता मोजतोय, चुलींमधली नाही.

या पायरीवर एक मोठी गोष्ट गृहीत धरली जाते आणि मला ती दरवेळी टोचते. घरात आलेला पैसा सगळ्यांत सारखा वाटला जातो, असं आपण धरतो. सासू, सून, मुलगा, मुलगी सगळ्यांच्या नावापुढे एकच आकडा पडतो. खरं घर तसं चालत नाही. घराच्या आतली ही विषमता या पद्धतीने दिसत नाही, म्हणून फॉर्मवर आम्ही दोन जादा प्रश्न ठेवतो: कोणाच्या नावावर बँक खातं आहे आणि दवाखान्याला जायचं झालं तर पैसे कोणाला मागावे लागतात. त्यांची उत्तरं शेवटी निघणाऱ्या गिनी गुणांकात, म्हणजे विषमतेच्या आकड्यात, शिरत नाहीत, पण अहवालात ती गुणांकाच्या शेजारीच छापा.

पायरी ४: रांग लावा

आता गणित. मी एक कल्पित वस्ती घेतो: दहा घरं, प्रत्येक घरात माणसं सारखीच. माणशी वार्षिक उत्पन्न हजार रुपयांत, कमीपासून जास्तीकडे. तिसऱ्या रकान्यात क्रम आणि उत्पन्न यांचा गुणाकार, चौथ्यात तिथपर्यंतच्या सगळ्यांचा मिळून एकूण उत्पन्नातला टक्का.

| क्रम | उत्पन्न | क्रम × उत्पन्न | संचयी टक्का |
|---|---|---|---|
| १ | २४ | २४ | ३.०० |
| २ | ३० | ६० | ६.७५ |
| ३ | ३६ | १०८ | ११.२५ |
| ४ | ४२ | १६८ | १६.५० |
| ५ | ४८ | २४० | २२.५० |
| ६ | ५४ | ३२४ | २९.२५ |
| ७ | ६६ | ४६२ | ३७.५० |
| ८ | ८४ | ६७२ | ४८.०० |
| ९ | १२६ | १,१३४ | ६३.७५ |
| १० | २९० | २,९०० | १००.०० |
| बेरीज | ८०० | ६,०९२ | |

सरासरी ८० हजार निघते. पण दहापैकी सात घरं या सरासरीच्या खाली आहेत. मध्यक, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या घराच्या मधला आकडा, ५१ हजार आहे. सरासरी आणि मध्यक यांच्यातलं एवढं अंतर दिसलं की वरच्या टोकाला काहीतरी मोठं बसलंय हे तिथेच समजावं.

चौथा रकाना आलेखावर काढा. आडव्या रेषेवर लोकांचा टक्का, उभ्या रेषेवर उत्पन्नाचा टक्का. सगळ्यांचं उत्पन्न सारखं असतं तर कोपऱ्यातून कोपऱ्यात सरळ तिरपी रेषा गेली असती. आपली रेषा झोळीसारखी खाली लोंबते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ मध्ये हा वक्र मांडला. जितकी झोळी खोल, तितकी विषमता जास्त. दोन गावांचे वक्र एकाच आलेखावर काढा. एक वक्र सगळीकडे दुसऱ्याच्या खालीच असेल तर कोणतंही नेहमीचं मापक वापरा, निकाल तोच येतो. दोन वक्र एकमेकांना छेदत असतील तर सावध व्हा: एका मापकाने हे गाव जास्त विषम ठरेल, दुसऱ्याने ते.

पायरी ५: गिनी

इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला गुणांक आपल्याकडे गिनी म्हणूनच रूढ आहे. तिरपी रेषा आणि झोळी यांच्या मधलं क्षेत्रफळ, भागिले तिरप्या रेषेखालचं पूर्ण क्षेत्रफळ. सगळे सारखे तर ०, सगळं एकाकडेच तर जवळजवळ १. काही अहवालांत तो शंभराने गुणून ४२ किंवा २५.५ असा लिहितात, गोंधळू नका.

क्षेत्रफळ मोजत बसायची गरज नाही. तिसऱ्या रकान्याची बेरीज दुप्पट करा: १२,१८४. तिला घरांची संख्या गुणिले एकूण उत्पन्न, म्हणजे १० × ८०० = ८,००० ने भागा: १.५२३. त्यातून (१० + १) ÷ १० म्हणजे १.१ वजा करा. उत्तर ०.४२३. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे तीन मिनिटांचं काम आहे, फक्त आधी उत्पन्नाच्या रकान्यावर चढता क्रम लावायला विसरू नका. भार असलेला नमुना असेल तर मात्र हे छोटं सूत्र चालत नाही. तेव्हा चौथ्या रकान्यावरून पट्ट्यापट्ट्याने क्षेत्रफळ काढा.

घरं थोडी असतील तर हे सूत्र किंचित कमी उत्तर देतं. दहा घरांच्या नमुन्यावरून मोठ्या गावाबद्दल बोलायचं असेल तर १० ÷ ९ ने गुणा, ०.४७ येईल. शेकडो घरं असतील तर हा फरक नगण्य होतो.

गिनीची एक उणीव याच तक्त्यावर करून पाहा. दहाव्या घराकडून ३ हजार घेऊन नवव्याला द्या. गिनी ०.०००७५ ने उतरतो. आता ते रद्द करा आणि दुसऱ्या घराकडून ३ हजार घेऊन पहिल्याला द्या. गिनी तितकाच, ०.०००७५ नेच उतरतो. पहिल्या वेळी २९० हजारवाल्याचे तीन १२६ हजारवाल्याला गेले. दुसऱ्या वेळी २४ हजारांत जगणाऱ्या माणसाचे २७ झाले. गिनीला रांगेतलं अंतर कळतं, तीन हजारांची त्या घरातली किंमत कळत नाही. म्हणून एकट्या गिनीवर थांबू नये.

पायरी ६: साधी गुणोत्तरं

ग्रामसभेत गिनी सांगितला तर कोणाला बोध होत नाही. तिथे ही सांगा (वस्ती अगदी लहान असेल तर आधी पायरी १० वाचा). वरच्या १० टक्क्यांचा हिस्सा: २९० ÷ ८००, म्हणजे ३६ टक्के. खालच्या ४० टक्क्यांचा: १३२ ÷ ८००, म्हणजे १६.५ टक्के. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की २.२. याला पाल्मा गुणोत्तर म्हणतात, चिलीचे अर्थतज्ज्ञ गाब्रिएल पाल्मा यांच्या निरीक्षणावरून. बहुतेक देशांत मधल्या ५० टक्के लोकांचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास असतो आणि खरी ओढाताण उरलेल्या निम्म्यासाठी वरचे १० आणि खालचे ४० यांच्यात चालते, असं त्यांचं म्हणणं. वरच्या दोन घरांचं उत्पन्न भागिले खालच्या दोन घरांचं: ४१६ ÷ ५४ = ७.७ पट. हे सांगितलं की लोक लगेच बोलायला लागतात.

पायरी ७: विषमता येते कुठून?

मला स्वतःला सर्वांत उपयोगाची वाटते ती ही पायरी. डच अर्थतज्ज्ञ हेन्री थाइल यांनी १९६७ मध्ये मांडलेला निर्देशांक गिनीपेक्षा नीट तोडता येतो: किती विषमता दोन गटांच्या मधली आणि किती गटांच्या आतली.

प्रत्येक उत्पन्नाला सरासरीने भागा. पहिल्या घराचं २४ ÷ ८० = ०.३. त्या भागाकाराला त्याच्याच नैसर्गिक लॉगॅरिदमने (शीटमधलं LN हे फंक्शन) गुणा. दहाही घरांची बेरीज करून दहाने भागा. आपल्या वस्तीचा थाइल ०.३२८ येतो. लॉगॅरिदममुळे उणे उत्पन्न इथे चालत नाही, ती घरं वेगळी ठेवावी लागतात. उत्पन्न शून्य असेल तर गुणाकार शून्यच धरा.

आता समजा ४८, ८४, १२६ आणि २९० ही चार घरं बागायतीची आहेत आणि उरलेली सहा कोरडवाहू. बागायतीची सरासरी १३७, कोरडवाहूंची ४२. एकूण उत्पन्नात बागायतीचा वाटा ०.६८५, कोरडवाहूंचा ०.३१५. प्रत्येक गटाचा वाटा गुणिले (गटाची सरासरी ÷ एकूण सरासरी) याचा लॉगॅरिदम, आणि दोन्हींची बेरीज: ०.३६८५ उणे ०.२०३०, म्हणजे सुमारे ०.१६६. एकूण ०.३२८ पैकी हे निम्मं झालं. या वस्तीतली निम्मी विषमता पाणी असण्या-नसण्याच्या रेषेवर आहे. हीच तोडणी जातीवर, शिक्षणावर, घरात कोणी पगारदार आहे की नाही यावर करून पाहा. मात्र पाणी विषमतेचं कारण आहे असं यावरून लगेच म्हणू नका. ज्याच्याकडे पैसा होता त्यानेच बोअर पाडली असंही असेल. ते पुन्हा गावात जाऊन विचारावं लागतं.

पायरी ८: आकडा हलवून पाहा

दहावं घर सर्वेक्षणाच्या दिवशी बंद होतं असं समजा. किंवा मालक म्हणाले, "आमचं लिहू नका." उरलेल्या नऊ घरांचा गिनी काढा: ०.२८. एक दार उघडलं नाही आणि ०.४२ची विषमता ०.२८ वर आली. प्रत्यक्षात असं होतंच होतं. देशाच्या सर्वेक्षणांतही अतिश्रीमंत घरं सापडत नाहीत, सापडली तर बोलत नाहीत. म्हणून अभ्यासक वरच्या टोकासाठी आयकराची आकडेवारी जोडतात. भारतात तीही पुरत नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही आणि विवरणपत्र भरणारे थोडे आहेत.

नमुना घेतला असेल तर त्याचा डळमळीतपणाही सांगा. समजा नमुन्यात साठ घरं आहेत. त्यांच्या साठ चिठ्ठ्या करा. एक उचला, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका. असं साठ वेळा करा आणि आलेल्या आकड्यांचा गिनी काढा. हे हजार वेळा करायचं. अर्थात संगणक करतो, बूटस्ट्रॅप म्हणतात याला. खालचे २५ आणि वरचे २५ गिनी सोडून मधले ९५० ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा अहवालात द्या. साठ घरांवर तो बराच रुंद निघतो. या वर्षी ०.४२ आणि पुढच्या वर्षी ०.४० आला म्हणून विषमता घटली असं तेवढ्यावर म्हणता येणार नाही.

पायरी ९: तुलना करण्याआधी थांबा

त्याच दहा घरांचा खर्च विचारला, आणि तो हजारांत असा निघाला असं धरू: २८, ३२, ३८, ४२, ४६, ५०, ५८, ६८, ८८, १३०. खालची तीन घरं कमाईपेक्षा जास्त खर्च करतात, उसनवारीने. सर्वांत वरचं घर २९० पैकी १३० खर्चून बाकीचं मागे टाकतं. या खर्चाचा गिनी काढा: ०.२६. घरं तीच, वर्ष तेच. उत्पन्नाने ०.४२, खर्चाने ०.२६.

आता वर्तमानपत्रातले आकडे वाचा. २०२२-२३ च्या घरखर्च सर्वेक्षणात भारताचा गिनी ग्रामीण भागात ०.२६६ आणि शहरी भागात ०.३१४ होता. २०२३-२४ मध्ये तो ०.२३७ आणि ०.२८४ झाला. जागतिक बँकेने २०२२-२३ साठी देशाचा आकडा २५.५ दिला, आणि जुलै २०२५ मध्ये त्यावरून भारत जगातल्या सर्वांत समान देशांत चौथा, असं सरकारी प्रसिद्धिपत्रक निघालं. हे सगळे खर्चाचे गिनी आहेत. यादीत आपल्या वर असलेल्या स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनियाचे आकडे उत्पन्नाच्या सर्वेक्षणावरून काढलेले आहेत. भारताच्या उत्पन्नाचा अंदाज वर्ल्ड इनइक्वालिटी डेटाबेस या अभ्यासकांच्या प्रकल्पाने केला आहे. त्यानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि वरच्या दहा टक्क्यांकडे ५७.७ टक्के वाटा होता. त्यांचा उत्पन्नाचा गिनी २०२३ साठी ६२ आहे. त्यांचा आकडा आयकर, सर्वेक्षणं आणि राष्ट्रीय उत्पन्न जोडून काढलेला अंदाज आहे आणि त्यातल्या गृहीतकांवर वाद आहेत. पण २५.५ आणि ६२ हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांना ही बातमी मी त्या दहा घरांच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचायला लावतो.

आणखी एक. सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं तर गिनी हलत नाही, ०.४२३ च राहतो. पहिल्या आणि दहाव्या घरातलं अंतर मात्र २६६ हजारांवरून ५३२ हजार होतं. गावातल्या जमिनीचा भाव, लग्नाचा खर्च, शाळेची फी या गोष्टी त्या रुपयांतल्या अंतरावर वाढतात. तेही एका ओळीत नोंदवा.

पायरी १०: निकाल गावाला परत द्या

आकड्यासोबत हे लिहून जोडा: किती घरं यादीत होती, किती मिळाली, किती बंद होती, किती जणांनी नकार दिला, उत्पन्न की खर्च, माणशी की वर्गमुळाने, रेशनचं धान्य धरलं की नाही, कोणतं वर्ष, पाऊस कसा होता. एवढं असलं की पाच वर्षांनी दुसरा कोणी येऊन तेच मोजू शकेल.

लहान वस्तीत नावं गाळली म्हणून माणसं लपत नाहीत. "सर्वांत वरचं घर, माणशी २,९०,०००" असं फलकावर लिहिलं तर ते कोणाचं हे शेंबड्या पोरालाही कळेल. तळाचं २४,०००चं घर कोणाचं तेही कळेल, आणि त्या घरातली मुलगी त्याच शाळेत जाते. म्हणून आम्ही पाचपेक्षा कमी घरांच्या गटाचा आकडा जाहीर करत नाही. दहा घरांच्या वस्तीत फक्त खालची निम्मी आणि वरची निम्मी घरं सांगतो: आपल्या तक्त्यात २२.५ टक्के आणि ७७.५ टक्के. भरलेले फॉर्म कुलपात ठेवतो आणि नावाची पानं काम संपल्यावर फाडून टाकतो. त्या ऊसतोड जोडप्याने अंगावर राहिलेले वीस हजार आम्हाला सांगितले ते आमच्यावर विश्वास ठेवून, आणि मुकादमही त्याच गावात राहतो.